रेरा नंबर आहे, बँकेचं कर्जही मंजूर झालं. मग घर कायदेशीर असेलच का?

महारेराचा नोंदणी क्रमांक होता. अनेकांना बँकांनी गृहकर्ज दिलं होतं. करारनाम्यांची नोंदणीही झाली होती. तरीही राहती इमारत बेकायदा निघाली.

हे प्रकरण आहे कल्याण-डोंबिवली महापालिका हद्दीतल्या ६५ इमारतींचं. मुंबई उच्च न्यायालयाने १९ नोव्हेंबर २०२४ रोजी या इमारती तीन महिन्यांत पाडण्याचे आदेश दिले आणि आयुष्यभराची कमाई घरात घातलेल्या कुटुंबांच्या पायाखालची जमीन सरकली. त्यांचे हप्ते सुरू होते आणि घरावर मात्र हातोड्याची टांगती तलवार होती.

नेमकं काय झालं होतं?

महापालिकेच्या नावाने बांधकाम परवानगीची बनावट कागदपत्रं तयार करण्यात आली. तीच कागदपत्रं दाखवून महारेराकडून नोंदणी मिळवण्यात आली. पुढे त्या नोंदणीच्या जोरावर फ्लॅट विकले गेले. एका वास्तुविशारदाने जनहित याचिका दाखल केल्यावर हा प्रकार न्यायालयासमोर आला.

म्हणजे मूळ कागदच खोटा होता आणि बाकी सगळे कागद त्याच्यावर उभे होते. घर घेताना कोणता कागद नेमकं काय सिद्ध करतो, हे म्हणूनच माहीत असायला हवं.

कोणता कागद काय सांगतो?

महारेराची नोंदणी: ५०० चौरस मीटरपेक्षा मोठी जमीन किंवा ८ पेक्षा जास्त सदनिका असलेल्या प्रकल्पाला ती बंधनकारक आहे. प्रकल्पाची माहिती आणि कागदपत्रं महारेराच्या संकेतस्थळावर मोफत पाहता येतात. पण ही कागदपत्रं बिल्डरने सादर केलेली असतात.

बँकेचं कर्ज: बँक स्वतःचे पैसे सुरक्षित राहावेत म्हणून कागद तपासते. घर अडचणीत आलं तरी कर्ज फेडायची जबाबदारी तुमचीच राहते.

करारनाम्याची नोंदणी: तुमच्यात आणि बिल्डरमध्ये व्यवहार झाला, एवढंच यातून कळतं. इमारत अधिकृत आहे, याची हमी यातून मिळत नाही.

ही हमी शोधायची तर परवानगी देणाऱ्या महापालिकेकडे किंवा नियोजन प्राधिकरणाकडेच जावं लागतं.

परवानगी खरी आहे का, हे कसं तपासायचं?

महारेराच्या संकेतस्थळावरून प्रकल्पाचं बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र, म्हणजेच सीसी, डाउनलोड करा. त्यावरचा जावक क्रमांक, तारीख आणि सर्व्हे नंबर लिहून घ्या. मग थेट महापालिकेच्या नगररचना विभागात जाऊन हे प्रमाणपत्र त्यांनीच दिलं आहे का, ते विचारा. तोंडी उत्तरावर थांबू नका. १० रुपये शुल्क भरून माहिती अधिकारात अर्ज करता येतो आणि ३० दिवसांत उत्तर अपेक्षित असतं. बुकिंग महिनाभर लांबलं तरी चालेल.

सीसी किती मजल्यांपर्यंत आहे, हेही पाहा. परवानगी सातव्या मजल्यापर्यंत आणि तुमचा फ्लॅट दहाव्यावर असेल, तर थांबा.

जमिनीचं काय?

सातबारा किंवा मालमत्ता पत्रकावर मालक कोण आहे आणि 'इतर हक्क' या रकान्यात काही बोजा किंवा वाद आहे का, ते तपासा. वकिलाकडून साधारण ३० वर्षांचा सर्च रिपोर्ट काढून घ्या. हा वकील तुम्ही निवडलेला असावा, बिल्डरने सुचवलेला नको.

विकास आराखड्यात त्या जागेवर आरक्षण आहे का, हेसुद्धा बघा. नालासोपाऱ्यात डम्पिंग ग्राउंड आणि सांडपाणी प्रकल्पासाठी आरक्षित जागेवर ४१ इमारती उभ्या राहिल्या होत्या. न्यायालयाच्या आदेशानंतर त्यांच्यावर बुलडोझर चालला. तिथेही लोक वर्षानुवर्षं राहत होते.

टोकन किती द्यायचं?

'आजच बुक करा, उद्या रेट वाढणार' हे वाक्य प्रत्येक साइटवर ऐकायला मिळतं. पण रेरा कायद्यानुसार नोंदणीकृत करारनामा झाल्याशिवाय बिल्डरला घराच्या किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही. पैसे चेकने किंवा ऑनलाइनच द्या आणि पावती घ्या.

करारनाम्यात कार्पेट एरिया आणि ताबा देण्याची तारीख स्पष्ट हवी. कार्पेट एरियात घरातल्या आतल्या भिंती धरल्या जातात. बाहेरच्या भिंती, बाल्कनी आणि गच्ची धरली जात नाही. त्यामुळे ब्रोशरवरचा 'सुपर बिल्टअप' आकडा बाजूला ठेवून कार्पेट एरियाचा दर काढा. ठरलेल्या तारखेला ताबा मिळाला नाही, तर व्याजासह पैसे परत मागण्याचा हक्क तुम्हाला आहे. घर हवंच असेल, तर उशिराच्या प्रत्येक महिन्याचं व्याज मागता येतं.

६० लाखांचं घर खरंच ६० लाखांत मिळतं?

नाही. पुण्यात बांधकाम सुरू असलेल्या ६० लाखांच्या फ्लॅटचा हिशेब पाहूया. ३० ते ७५ लाखांच्या कर्जासाठी रिझर्व्ह बँकेची मर्यादा ८० टक्के आहे. म्हणजे जास्तीत जास्त ४८ लाख कर्ज आणि १२ लाख स्वतःचे. त्यावर ७ टक्के दराने मुद्रांक शुल्क ४ लाख २० हजार, नोंदणी शुल्क ३० हजार आणि ५ टक्के जीएसटी ३ लाख. म्हणजे हातात साडेएकोणीस लाख हवेत. पार्किंग, सोसायटीचे पैसे आणि फर्निचर यात धरलेलं नाही.

घर फक्त महिलेच्या नावावर असेल, तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत मिळते. किंमत ५० लाख किंवा त्याहून जास्त असेल, तर १ टक्का टीडीएस कापून सरकारकडे भरण्याची जबाबदारी खरेदीदाराची असते. ही रक्कम किमतीतूनच वजा होते.

चावी घेण्याआधी शेवटचा प्रश्न

ओसी, म्हणजेच भोगवटा प्रमाणपत्र, आलं का? इमारत मंजूर नकाशाप्रमाणे बांधली आहे आणि राहायला योग्य आहे, असं या प्रमाणपत्रातून कळतं. 'ओसी येईल, तुम्ही राहायला या' असं कुणी म्हणालं, तर तारीख लेखी मागा. तयार घर घेत असाल, तर ओसी आधी पाहा आणि मगच किमतीची बोलणी करा. ओसी मिळाल्यानंतर विकलेल्या घरावर जीएसटीही लागत नाही.

सॅम्पल फ्लॅट पाहायला आपण सहकुटुंब जातो आणि टाइल्सचा रंगही चार वेळा बघतो. नगररचना विभागातली एक फेरी मात्र राहून जाते. पुढची वीस वर्षं हप्ते भरायचे असतील, तर ती फेरी टोकन देण्याआधीच मारा.