पायात कडं असलेला पक्षी हेर नसतो

तळ्याकाठी दुर्बीण लावून पक्षी मोजत उभं राहिलं की हा प्रश्न येतोच: "ते पायात कडं असलेलं पाखरू चीनचं का पाकिस्तानचं?" तेरच्या तेरणा प्रकल्पावर असो की परंड्याच्या सीना-कोळेगावच्या पाण्यावर, शंका तीच. मोबाईलवर फिरणारे व्हिडिओ तिला खतपाणी घालतात.

या संशयाची किंमत पक्षी मोजतात. मे २०२३ मध्ये मुंबईत चेंबूरच्या बंदर भागात एक कबूतर पकडलं गेलं. पायात कडी होती, चिनी वाटणारी अक्षरं होती, तेवढ्यावरून ते आठ महिने परळच्या जनावरांच्या इस्पितळात अडकून पडलं. तपासात ते तैवानमधलं शर्यतीचं कबूतर निघालं आणि जानेवारी २०२४ मध्ये सुटलं. त्याच वर्षी नोव्हेंबरात कारवारला पाठीवर यंत्र असलेलं गिधाड दिसलं आणि पुन्हा हेरगिरीची हाकाटी झाली. ते गिधाड ताडोबातलं होतं. यंत्र महाराष्ट्र वनखातं आणि मुंबईची बीएनएचएस (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी) यांच्या प्रकल्पातलं, म्हणजे आपलंच! आधी चौकशी, मग बोंब, एवढं तरी व्हायला नको का?

कडं म्हणजे धातूची हलकी पट्टी. तिच्यावर क्रमांक आणि संस्थेचा पत्ता, बस्स. बॅटरी नाही, कॅमेरा नाही. पक्षीतज्ज्ञ सलीम अलींच्या काळात, १९५९ पासून, बीएनएचएसने देशभर हजारो पक्ष्यांना अशी कडी घातली. कड्याचा पक्षी पुन्हा सापडला किंवा दुर्बिणीतून क्रमांक वाचता आला तरच तो कुठून कुठे गेला ते समजतं. मंगोलियात गळ्यात हिरवे पट्टे घातलेले पट्टकादंब हंस भारतातल्या तलावांवर याच पद्धतीने ओळखले गेले. जागा कळवणारं यंत्र वेगळं असतं, आणि त्याचं वजन साधारणपणे पक्ष्याच्या वजनाच्या तीन टक्क्यांच्या आत ठेवतात. टिलवा हा चिखलातला चिमुकला पक्षी भरतो पंचवीस ग्रॅमच्या आसपास. म्हणजे त्याच्या पाठीवर एक ग्रॅमही लादता येत नाही. हेरगिरीचा कॅमेरा तो कुठून वाहणार?

तळ्याकाठी आणखीही गैरसमज ऐकू येतात. "तळ्यावरची सगळी पाखरं परदेशी." नाही. टिटवी बारमाही इथलीच, आणि शेकाट्याही आपल्याकडे घरटी करतो.

"तळं आटलं की पक्षी संपले." बदकं जातात हे खरं. पण चिखल्या, तुतवार, टिलवे यांना उघडा पडलेला चिखलच हवा असतो. त्यांचे किडे-अळ्या तिथेच. तेर-परंड्यासारख्या अवर्षणाच्या भागात पाणी ओसरताना काठावर गर्दी वाढते ती म्हणूनच. हा चिखल रिकामा समजून त्यावर मुरूम टाकला, की या पक्ष्यांचं ताट गेलं.

"मोजणी म्हणजे अंदाजपंचे." मोठ्या थव्यात आधी दहा किंवा पन्नास पक्ष्यांचा गट नीट मोजतात आणि त्या मापाने पुढचा थवा मोजत जातात. आशियाई पाणपक्षी गणना १९८७ पासून दर जानेवारीत होते. एका दिवसाच्या आकड्यावर कोणी निष्कर्ष काढत नाही. त्याच तळ्यावर वर्षानुवर्षे केलेल्या नोंदींतून घट किंवा वाढ दिसते. एखाद्या जातीच्या एकूण संख्येपैकी एक टक्का पक्षी एका पाणथळीवर नियमित येत असतील, तर आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीला मिळणाऱ्या रामसर दर्जासाठी तो एक निकष ठरतो.

कड्याचा पक्षी दिसला तर पकडू नका, दगड मारू नका. लांबूनच फोटो घ्या. कड्याचा रंग, ते कोणत्या पायात आहे, अक्षरं-आकडे, तारीख आणि तळ्याचं नाव लिहून बीएनएचएसला किंवा वनखात्याला कळवा. जखमी किंवा मेलेला पक्षी सापडला तर हात न लावता वनरक्षकाला बोलवा.