मदतीचा गहू कोणत्या खात्याचा?

परदेशातून मदत म्हणून येणाऱ्या धान्यावर तीन प्रकारच्या सरकारी खात्यांचा डोळा असतो. देणाऱ्या देशाच्या शेतीखात्याला आपला जादा माल खपवायचा असतो. परराष्ट्र खात्याला त्याच मालाच्या जोरावर मैत्री जोडायची किंवा दबाव आणायचा असतो. मदतकार्य पाहणाऱ्या यंत्रणेचे लक्ष उपाशी माणसाकडे असते. त्यामुळे असा कार्यक्रम एका खात्याकडून दुसऱ्याकडे गेला की पोते तेच राहिले तरी त्यामागचा हेतू बदलतो. भारताला याचा सर्वांत मोठा अनुभव दिला तो ‘पी. एल. ४८०’ या अमेरिकी कायद्याखाली आलेल्या गव्हाने.

१० जुलै १९५४ रोजी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी या कायद्यावर सही केली, तेव्हा तिथली कोठारे न खपलेल्या धान्याने भरली होती. कायद्याचा पहिला भाग सवलतीच्या विक्रीचा होता. घेणाऱ्या देशाने डॉलरऐवजी स्वतःच्या चलनात किंमत चुकवायची आणि व्यवहार अमेरिकी कृषी खात्याने पाहायचा, अशी त्याची रचना होती. फुकट द्यायच्या धान्याचा भाग वेगळा होता. भारताने पहिला करार ऑगस्ट १९५६ मध्ये केला. सर्वांत मोठा करार ४ मे १९६० रोजी वॉशिंग्टनमध्ये झाला आणि त्यावर भारताच्या वतीने सही केली ती केंद्रीय अन्नमंत्री स. का. पाटील यांनी. चार वर्षांत १ कोटी ६० लाख टन गहू आणि १० लाख टन तांदूळ, असा तो सौदा होता.

खातेबदल लगेचच सुरू झाले. केनेडी यांनी जानेवारी १९६१ मध्ये ‘शांततेसाठी अन्न’ या नावाने व्हाइट हाउसमध्येच कार्यालय उघडून ते जॉर्ज मॅकगव्हर्न यांच्याकडे दिले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये परदेशी मदतीसाठी ‘यूएसएड’ ही स्वतंत्र संस्था निघाली आणि फुकट धान्याचे काम पुढे तिच्याकडे राहिले. १९६५ मध्ये व्हाइट हाउसमधले कार्यालय परराष्ट्र खात्यात गेले. विक्री मात्र कृषी खात्याकडेच राहिली.

कागदावर ही वाटणी नीट दिसत असली तरी संकटात ती टिकली नाही. १९६५ आणि १९६६ या दोन्ही वर्षी भारतात पावसाने दगा दिला आणि १९६६ मध्ये धान्याची आयात एक कोटी टनांच्या वर गेली. तेव्हा राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी दोरी स्वतःच्या हातात घेतली. वर्षानुवर्षांचे करार थांबवून एकेका खेपेला वेगळी मंजुरी द्यायला त्यांनी सुरुवात केली. नोव्हेंबर १९६५ मध्ये रोममध्ये अन्नमंत्री सी. सुब्रमण्यम आणि अमेरिकेचे कृषिमंत्री फ्रीमन यांच्यात भारतीय शेतीधोरणाबद्दल समझोता झाला. एका देशाच्या शेतीची दिशा दुसऱ्या देशाच्या कृषिमंत्र्याशी बसून ठरावी, हे भारतात अनेकांना झोंबले. व्हिएतनाम युद्धावर भारताने केलेल्या टीकेची चीडही जॉन्सन यांच्या हात आखडण्यामागे होती.

इकडे बंदरावर उतरणारा गहू सुरुवातीला केंद्रीय अन्न खात्याची प्रादेशिक कार्यालये ताब्यात घेत. १९६४ च्या कायद्याने १४ जानेवारी १९६५ रोजी भारतीय अन्न महामंडळ स्थापन झाले आणि हे काम टप्प्याटप्प्याने त्याच्याकडे वळले. खरी अडचण माणसांची होती. सरकारी नोकर महामंडळाचे नोकर कसे व्हायचे, त्यांच्या सेवाशर्तींचे काय, हे ठरवायला १९६८ मध्ये कायद्यातच दुरुस्ती करावी लागली. अशा हस्तांतरात गोदामे, वजनकाटे, शिल्लक साठा आणि त्यातली घट कोणाच्या माथी मारायची, यावरच बहुतेक वेळ जातो. धोरणाची भाषणे मागाहून होतात. महामंडळाने धान्य राज्याला द्यायचे आणि राज्याच्या पुरवठा खात्याने ते रेशन दुकानांत पोचवायचे, ही साखळी तेव्हापासून चालत आली आहे.

गव्हापोटी साचलेल्या रुपयांचा भाग सर्वांत रंजक आहे. मोठा हिस्सा कर्ज व अनुदान म्हणून भारत सरकारकडेच परतला. उरलेल्या पैशांवर अमेरिकेची बिगरशेती खातीही जगली. लायब्ररी ऑफ काँग्रेसने १९६२ पासून याच रुपयांतून भारतीय भाषांतली पुस्तके विकत घेतली. आज अमेरिकी विद्यापीठांत जुनी मराठी पुस्तके आढळतात, त्यांतली कितीतरी या वाटेने गेली. १९६१ मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीजचे भारतातले सुरुवातीचे ठाणे पुण्यात डेक्कन कॉलेजात होते आणि तिच्या अभ्यासकांचा खर्चही याच खात्यावर पडे. त्याच शहरात गोखले अर्थशास्त्र संस्थेचे नीलकंठ रथ आणि वि. श्री. पटवर्धन यांनी या मदतीचा भारतीय अर्थव्यवस्थेवर झालेला परिणाम तपासला. तो ग्रंथ १९६७ मध्ये निघाला.

पुण्याने या गव्हावर एक ठपकाही ठेवला आहे, तो गाजर गवताचा. ‘काँग्रेस गवत’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या तणाची पुण्यातली नोंद वनस्पतिशास्त्रज्ञ आर. एस. राव यांनी १९५६ मध्ये प्रसिद्ध केली. पण पहिला करारच त्या वर्षीच्या ऑगस्टमधला, त्यामुळे तारखा जुळत नाहीत. बी धान्यातून आलेच असेल, तर १९५१ च्या कर्जाऊ अमेरिकी गव्हावर संशय घेणे अधिक योग्य ठरेल.

१८ फेब्रुवारी १९७४ रोजी अमेरिकी राजदूत मॉयनिहन यांनी १,६६४ कोटी रुपयांचा धनादेश भारताला देऊन गव्हापोटी साचलेल्या रुपयांचा बराचसा हिशेब मिटवला. पुढे भारत स्वतः धान्य देणारा देश झाला. अफगाणिस्तानसाठी जाहीर झालेला ५० हजार टन गहू २०२२ मध्ये परराष्ट्र मंत्रालयाच्या निर्णयाने निघाला आणि तिथले वाटप जागतिक अन्न कार्यक्रमाकडे सोपवण्यात आले.

अमेरिकेत मात्र जुना वाद २०२५ मध्ये पुन्हा उघडला. १ जुलै २०२५ पासून यूएसएडचे मदतकार्य बंद होऊन उरलेले कार्यक्रम परराष्ट्र खात्यात आले. ‘शांततेसाठी अन्न’ हा कार्यक्रम कृषी खात्याकडे द्यावा, असे विधेयक त्याआधीच, फेब्रुवारीत, कॅन्ससच्या गहूपट्ट्यातील लोकप्रतिनिधींनी पुढाकार घेऊन मांडले होते. कृषी खात्याला धान्य खरेदीचा दांडगा अनुभव आहे. दुष्काळी मुलखात वाटपावर नजर ठेवणारी माणसे मात्र प्रामुख्याने यूएसएडकडे होती.