खोक्यावरचा आकडा नेमकं काय मोजतो?

दुकानदाराने लिहून दिलेल्या कोटेशनमध्ये पहिली ओळ प्रोसेसरची असते आणि एसएमपीएस, म्हणजे वीजपुरवठ्याचा डबा, कुठेतरी तळाशी, कॅबिनेटच्या शेजारी. मुंबईचा लॅमिंग्टन रोड असो नाहीतर तालुक्याच्या गावातलं एकुलतं एक दुकान, पैसेही बहुधा त्याच क्रमाने वाटले जातात: वरच्या ओळींना भरपूर, खालच्यांना उरतील तेवढे. गेम खेळायला आणि सिनेमे पाहायला घरी कॉम्प्युटर जुळवायचा असेल तर हा क्रम बाजूला ठेवा. सुरुवात स्क्रीनपासून करा. ती तर कोटेशनमध्ये अनेकदा नसतेच.

फुल एचडी स्क्रीनवर सुमारे २१ लाख पिक्सेल असतात, फोर-केवर सुमारे ८३ लाख. दर फ्रेमला चौपट चित्र काढायचं, आणि हे काम जवळजवळ सगळं ग्राफिक्स कार्डाचं. म्हणून आधी स्क्रीन ठरवायची, मग तिला पुरेल असं कार्ड, आणि त्या कार्डाला खोळंबून ठेवणार नाही इतपत प्रोसेसर.

‘सर्वांत महागडा प्रोसेसर घेतला की गेम सर्वांत वेगाने चालतात’ हा समज फार घट्ट रुजला आहे. एएमडीचेच दोन प्रोसेसर शेजारी ठेवून पाहा. रायझन ९ ७९५०एक्समध्ये १६ कोअर आहेत. एप्रिल २०२३ मध्ये आलेल्या रायझन ७ ७८००एक्स३डीमध्ये ८ कोअर, आणि बाजारात आला तेव्हा त्याची किंमतही कमी होती. तरी बहुतेक गेममध्ये पुढे असतो तो ८ कोअरवाला. त्याच्या चिपवर ९६ एमबी एल-थ्री कॅश आहे. गेमला तीच ती माहिती पुन्हापुन्हा लागते. ती हाताशी असली की प्रोसेसरला दर वेळी रॅमपर्यंत जावं लागत नाही. १६ कोअरचा उपयोग व्हिडिओ एडिटिंग, थ्रीडी रेंडरिंग अशा कामांना जरूर होतो. पण फोर-केवर खेळणार असाल तर सगळा भार कार्डावर येतो आणि महाग-स्वस्त प्रोसेसरमधलं अंतर आणखी कमी होतं. मध्यम बजेटमध्ये सहा कोअरचा चालू पिढीचा प्रोसेसर घेऊन वाचलेले पैसे कार्डात घालावेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

कार्ड घेताना लोक एकच आकडा विचारतात: ‘किती जीबी?’ एनव्हिडियाचं जीटी १०३० हे छोटं कार्ड दोन प्रकारांत विकलं गेलं. दोन्हींवर २ जीबी मेमरी, नाव तेच. पण एकावर जीडीडीआर-५ मेमरी होती, तिचा वेग सेकंदाला ४८ जीबी. दुसऱ्यावर डीडीआर-४, सेकंदाला जेमतेम १७ जीबी. दुसरं कार्ड गेममध्ये कितीतरी मागे पडायचं आणि खोक्यावरच्या ‘२ जीबी’वरून गिऱ्हाइकाला त्याचा पत्ता लागत नसे. मेमरीचा आकडा किती मावेल ते सांगतो, चित्र किती वेगाने तयार होईल ते सांगत नाही. मात्र जागा कमी पडली तर वेगवान चिपचाही उपयोग होत नाही. आरटीएक्स ४०६० टीआय हे कार्ड ८ आणि १६ जीबी अशा दोन रूपांत आलं, चिप तीच. बहुतेक गेममध्ये दोन्ही सारखीच चालतात. पण टेक्स्चर सर्वोच्च पातळीवर ठेवलं की काही नव्या गेममध्ये ८ जीबीवालं अडखळू लागतं. आज चार-पाच वर्षांसाठी कार्ड घेणाऱ्याने ८ जीबीवर थांबण्याआधी हा विचार करावा.

रॅमच्या बाबतीत ‘आत्ता १६ जीबीची एकच स्टिक घेऊ, पुढे दुसरी टाकू’ ही काटकसर महागात पडते. घरगुती मदरबोर्डवर रॅमचे दोन चॅनल असतात आणि एका स्टिकने एकच वापरात येतो. डीडीआर-४ ३२०० रॅमचा एका चॅनलचा वेग सेकंदाला २५.६ जीबी, दोन्हींचा ५१.२. वेगळं कार्ड न घेता प्रोसेसरमधल्याच ग्राफिक्सवर खेळणार असाल तर हा फरक डोळ्यांना दिसतो, कारण ते ग्राफिक्स याच रॅमवर जगतात. शिवाय खोक्यावरचा वेग आपोआप मिळत नाही. बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी किंवा एक्स्पो हा पर्याय चालू करावा लागतो. तो बंदच राहिल्यामुळे वर्षानुवर्षं रॅम कमी वेगाने चालते आणि मालकाला त्याची कल्पनाही नसते.

एसएसडीबद्दल थोडक्यात. हार्ड डिस्कवरून एसएसडीवर आलात की फरक प्रचंड जाणवतो. तिथून पुढे सेकंदाला ३,५०० एमबीवरून ७,००० एमबीवर गेलात तर गेम उघडायला फार तर एखाद-दुसरा सेकंद वाचतो. फ्रेम वाढत नाहीत. सिनेमांचा साठा साध्या हार्ड डिस्कवर ठेवला तरी काही बिघडत नाही.

आता ती तळाची ओळ. ‘एसएमपीएस काय, कॅबिनेटबरोबर येतोच’ हे वाक्य मला सर्वांत धोकादायक वाटतं. कॉम्प्युटरच्या प्रत्येक भागाला वीज याच डब्यातून जाते. तो निकामी होताना चुकीचा व्होल्टेज पुढे सोडू शकतो, आणि तसं झालं तर मदरबोर्ड आणि कार्ड दोन्ही हातचे जातात. लोक त्यावरचं ‘८० प्लस गोल्ड’ वाचून निर्धास्त होतात. ८० प्लस हे प्रमाणपत्र मुख्यतः एकच गोष्ट मोजतं: भिंतीतून घेतलेल्या विजेतली किती वीज प्रत्यक्ष भागांपर्यंत पोचते. चाचणी होते साधारण २३ अंश तापमानात. आतले कपॅसिटर कसे आहेत, शॉर्टसर्किट झालं तर यंत्र वेळेत बंद होईल का, चंद्रपूरच्या मे महिन्यात तो किती टिकेल, यांबद्दल ते काही सांगत नाही. त्यासाठी त्या मॉडेलची कोणी उघडून तपासणी केली असेल तर ती वाचावी आणि वॉरंटी किती वर्षांची आहे ते पाहावं. स्वतःच्या मालावर विश्वास असलेल्या कंपन्या सात-दहा वर्षांची वॉरंटी देतात.

याच्या उलट टोकाचा समजही आहे: ८५० वॅटचा एसएमपीएस बसवला की वीजबिल वाढतं. तो आकडा फक्त कमाल क्षमतेचा. आतल्या भागांना २५० वॅट लागत असतील आणि कार्यक्षमता ९० टक्के असेल, तर भिंतीतून सुमारे २७८ वॅट ओढले जातील, डब्यावर ५५० लिहिलेलं असो की ८५०. आरटीएक्स ४०६० कार्डाला ११५ वॅट लागतात. त्याच्या जोडीला ६५ वॅटचा प्रोसेसर असेल तर ५५० वॅटचा चांगला एसएमपीएस पुरून उरतो. त्याच पैशांत नाव नसलेला ‘८०० वॅट’ घेऊ नये.

यूपीएसवर मात्र नेमकी उलटी गफलत होते. ६०० व्हीए म्हणजे ६०० वॅट, असं धरून चालतात. घरगुती ६०० व्हीए यूपीएस बहुतेक वेळा ३६० वॅटच देऊ शकतो. मोठं कार्ड असलेल्या कॉम्प्युटरवर गेम रंगात असताना वीज गेली तर असा यूपीएस भार न पेलून स्वतःच बंद पडतो, आणि नेमका जो क्षण सांभाळायला तो घेतला तोच हातून जातो. खोक्याच्या मागचा वॅटचा आकडा वाचा. आणि घरातल्या प्लगला अर्थिंग खरंच आहे का, हे इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या.

उष्णतेचं गणित आपल्याकडे वेगळंच. पंखा चिपला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही. २५ अंशांच्या खोलीत जी चिप ७० अंशांवर राहते, ती ४० अंशांच्या खोलीत ८५च्या आसपास जाणार. परदेशी परीक्षणांतले तापमानाचे आकडे वाचताना हे लक्षात ठेवा. पुढून सगळी काच असलेल्या कॅबिनेटपेक्षा पुढे जाळी असलेली निवडा. दिव्यांच्या पंख्यांवरचे पैसे तिथे लावलेले बरे.

सिनेमांसाठी दणकट कार्ड हवं, हा समज तर वस्तुस्थितीच्या अगदी विरुद्ध आहे. व्हिडिओ उलगडण्याचं काम चिपवरचा एक लहानसा खास भाग करतो. तो आहे की नाही एवढंच महत्त्वाचं. यूट्यूबचे बरेच व्हिडिओ आज एव्ही-वन या पद्धतीने बांधलेले असतात. इंटेलचा एन-१०० हा अवघा ६ वॅटचा प्रोसेसर ते फोर-केमध्ये सहज उलगडतो. जानेवारी २०२२ मध्ये आलेलं आरएक्स ६५०० एक्सटी हे १०७ वॅटचं गेमिंग कार्ड मात्र नाही, कारण एव्ही-वन उलगडणारा भाग त्यात दिलेलाच नाही. मग भार प्रोसेसरवर पडतो आणि पंखे घोंघावू लागतात. इंटेलच्या ज्या मॉडेलच्या शेवटी ‘एफ’ असतं त्यात प्रोसेसरमधलं ग्राफिक्स नसतं. ते असलं तर व्हिडिओला उपयोगी पडतं, आणि कार्ड बिघडलं तरी स्क्रीन काळी राहत नाही. थोडे पैसे जास्त देऊन ‘एफ’ नसलेलं घ्यावं.

वेगवान यंत्र असलं की फोर-के चित्र येतंच, असंही नाही. फोर-के ब्लू-रे डिस्क अधिकृतपणे चालवायला इंटेलच्या प्रोसेसरमधली एसजीएक्स ही सोय लागायची. डेस्कटॉपच्या ११व्या पिढीपासून इंटेलने ती काढून टाकली, म्हणजे नवा प्रोसेसर इथे जुन्याच्या मागे आहे. नेटफ्लिक्सचं फोर-के क्रोममध्ये मिळत नाही. एज ब्राउझर किंवा विंडोजचं ॲप लागतं आणि स्क्रीनला एचडीसीपी २.२ हे कॉपी-संरक्षण असावं लागतं. टीव्हीवर फोर-के १२० हर्ट्झ हवं असेल तर कार्डावर, टीव्हीवर आणि केबलवरही एचडीएमआय २.१ची क्षमता हवी. सोन्याचा मुलामा दिलेल्या केबलने रंग उजळत नाहीत.

सगळं जुळवून झाल्यावर स्क्रीनची केबल कार्डाच्या पोर्टला लावा, मदरबोर्डच्या नव्हे. अन्यथा महागडं कार्ड नुसतं बसून राहील. मग विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन रिफ्रेश रेट पाहा. १४४ हर्ट्झचे कितीतरी मॉनिटर घरोघरी ६० हर्ट्झवर चालले आहेत. आणि प्रत्येक भागाचं बिल सीरियल नंबरसकट मागून घ्या. वॉरंटीचा दावा करायची वेळ आली की पहिल्यांदा तोच विचारतात.