तोल सांभाळणारें वाहन कोणास योग्य?

ज्यास उभें राहतां येतें, परंतु शंभर पावलें टाकतांच ज्याचे पाय थकतात, अशा माणसास सेग्वे हें वाहन मोठें वरदान वाटतें. अमेरिकेंत डीन केमन यांनीं २००१ सालीं तें लोकांपुढें मांडलें. दोन चाकें शेजारीं शेजारीं आणि मध्यें उभें राहण्यापुरती फळी. शरीर पुढें झुकलें कीं आंतील जायरोस्कोप तें ओळखतात आणि विजेच्या मोटारी चाकें त्याच दिशेस फिरवून ढळणारा तोल सावरतात. मागें रेललें कीं वेग मंदावतो. निराळा ब्रेक नाहीं.

खरी मेख येथेंच आहे, आणि जाहिरातींत ती ठळक छापलेली नसते. यंत्र स्वतःचा तोल सांभाळतें, स्वाराचा नव्हे. झुकणें हाच त्याचा लगाम. तेव्हां ज्याचे गुडघे अवचित दगा देतात किंवा ज्यास घेरी येते, त्याच्या हातीं तो देणें धोक्याचें. वेग आणि पल्ला विचारण्यापूर्वीं चढणें, उतरणें व थांबणें हें स्वारानें जाणत्या माणसाच्या देखरेखीखालीं करून पाहावें. आय-टू या नमुन्याचें वजन सुमारें ४७ किलो; जिना आला कीं तें उचलणार कोण, हा प्रश्न घरच्या मंडळींचा.

उभेंच राहतां येत नसेल तर केमन यांचीच आयबॉट खुर्ची पाहावी. तोलाचें हें तंत्र मुळांत तिच्याच खटपटींतून निघालें. ती बसलेल्या माणसास दोन चाकांवर उंच उचलते, जिनाही चढते.

सेग्वेचें उत्पादन २०२० सालीं थांबलें. वापरलेलें घेतांना बॅटरी किती जुनी व नवी कोठें मिळेल, हें पैसे देण्यापूर्वीं विचारावें.