श्वास मोजणाऱ्या बाया

तान्ह्या बाळाचा श्वास मोजायचा, तर आधी त्याचे रडणे थांबावे लागते. आईच्या मांडीवर ते शांत पडले की झबले वर सरकवायचे आणि पोटाकडे बघत राहायचे. पोट वर आले, खाली गेले, की एक. असे पूर्ण मिनिटभर. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे श्वास मिनिटाला ६० किंवा त्याहून जास्त भरले, तर धोका. दोन महिने ते एक वर्ष या वयात हा आकडा ५०, पुढे पाच वर्षांपर्यंत ४०. न्यूमोनियाची शंका घ्यायला यापलीकडे स्टेथोस्कोप लागत नाही, एक्स-रे लागत नाही. साठपर्यंत मोजता आले पाहिजे आणि मिनिट केव्हा संपले ते कळले पाहिजे.

१९८०च्या दशकात गडचिरोलीच्या खेड्यांत नेमके इथेच घोडे अडले. बाळंतपणे करणाऱ्या सुइणी अनुभवी होत्या, घराघरांत त्यांचा शब्द चालत होता. पण त्यांच्याकडे घड्याळ नव्हते, आणि बऱ्याच जणींची मोजणी दहा-बाराच्या पुढे जात नव्हती. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने यावर एक साधन तयार केले. एका मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि मण्यांच्या दोन ओळी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा आणि पुन्हा एकपासून सुरुवात करायची. तान्ह्या बाळाच्या ओळीत पाच मणी हिरवे, सहावा लाल. मोठ्या मुलाच्या ओळीत चार हिरवे, पाचवा लाल. वाळू संपायच्या आत लाल मणी सरकला, तर औषध सुरू.

‘अडाणी बायांना कसे जमणार?’ असे म्हणून विषय तिथेच मिटवता आला असता. त्याऐवजी प्रश्न फिरवला गेला: तिला दहापर्यंत येते ना? मग दहाचेच काम तिच्या हाती देऊ, बाकीचे मणी बघतील. आरोग्यातल्या समतेवर मोठमोठे अहवाल लिहिले गेले आहेत. मला मात्र त्या सगळ्यांचे सार या मण्यांत दिसते.

गरज जिथे जास्त, तिथे दवाखाना नाही

ब्रिटनमधले डॉक्टर ज्युलियन ट्यूडर हार्ट यांनी १९७१ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात एक नियम मांडला. ज्यांना वैद्यकीय सेवेची सर्वांत जास्त गरज असते, त्यांच्याच वाट्याला ती सर्वांत कमी येते. हार्ट वेल्समधल्या खाणकामगारांच्या वस्तीत काम करत होते. आपल्याकडे हा नियम कोणी सांगावा लागत नाही. पुण्यात एका रस्त्यावर चार बालरोगतज्ज्ञांच्या पाट्या दिसतात, आणि दुर्गम पाड्यावर तापाने फणफणलेले मूल घेऊन आई रस्त्यापर्यंत चालत येते.

पण हे अंतर फक्त किलोमीटरचे नसते. जीपचे भाडे असते, बुडालेली मजुरी असते, घरी ठेवलेल्या दुसऱ्या दोन लेकरांची काळजी असते. केसपेपर काढायच्या खिडकीवर कोणी वसकन अंगावर येईल याची भीती असते. गडचिरोलीत माडिया बोलणारी किंवा मेळघाटात कोरकू बोलणारी बाई डॉक्टरांसमोर बसते, तेव्हा दुखते कुठे हे सांगायलाही मधे कोणीतरी लागते. रस्ता झाला, रुग्णवाहिका आली, तरी हे दुसरे अंतर उरतेच. ते तोडायला त्याच गावचे, त्याच बोलीचे माणूस लागते.

जामखेडची शाळा

हे महाराष्ट्राला पहिल्यांदा ठळकपणे दिसले ते जामखेडमध्ये. वेल्लोरला शिकलेले डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे जोडपे अमेरिकेतून सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेऊन परतले आणि १९७० साली अहमदनगर जिल्ह्यातल्या (आताच्या अहिल्यानगरमधल्या) या दुष्काळी तालुक्यात त्यांनी काम सुरू केले. १९७१च्या सुमारास त्या भागात जन्मलेल्या दर हजार बाळांपैकी १७६ बाळे पहिला वाढदिवस बघत नव्हती.

सुरुवातीला त्यांनी खेड्यांत शिकलेल्या नर्स पाठवल्या. ते जमले नाही. बाहेरून आलेल्या तरुण मुलीला गावात राहणे अवघड, आणि गावालाही ती परकी. मग आरोळे दांपत्याने गावांनाच आपल्यातली एक बाई निवडायला सांगितले. निवडून आलेल्या बायांत कित्येक जणी निरक्षर होत्या, कित्येक दलित होत्या, काही नवऱ्याने टाकलेल्या होत्या. आठवड्यातून एकदा त्या जामखेडला येत, एकत्र जेवत, एकत्र झोपत आणि शिकून परत जात. वेगवेगळ्या जातींच्या बायांनी एका पंगतीला बसणे हा त्या शिक्षणाचा पहिला धडा होता, आणि बहुधा सर्वांत अवघडही.

जुलाब झालेल्या मुलाला मीठ-साखरेचे पाणी कसे पाजायचे, गरोदर बाईच्या पोटावर हात ठेवून बाळ आडवे आहे की उभे हे कसे ओळखायचे, कुष्ठरोगाचा चट्टा कसा तपासायचा, हे सगळे त्या शिकल्या. १९७२चा दुष्काळ पडला, तेव्हा लोकांना औषधाच्या आधी पाणी हवे होते. प्रकल्पाने बोअर घेतले आणि हातपंप दलित वस्तीत बसवले. ज्यांना पाणी हवे, त्यांनी तिथे यावे. आरोग्याच्या कार्यक्रमात हातपंपाची जागा हा मुद्दा कशाला, असे वाटू शकते. पण दलित वस्तीतले मूल जुलाबाने जास्त वेळा आजारी का पडते, याचे उत्तर पाण्याची जागा कोण ठरवतो यातच दडलेले होते.

१९७९ साली या जोडप्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. १९९०च्या दशकात तिथला बालमृत्यूदर हजारी तीसच्या खाली आला होता.

गडचिरोलीचा पुरावा

जामखेडने वाट दाखवली. गडचिरोलीने ती आकड्यांनी सिद्ध केली. बंग दांपत्याने १९८६ साली तिथे काम सुरू केले. श्वास मोजून न्यूमोनिया ओळखायचा आणि गावातच औषध द्यायचे, या प्रयोगाचे निष्कर्ष १९९० साली ‘लॅन्सेट’मध्ये आले. ज्या गावांत हे काम झाले, तिथे मुलांचे न्यूमोनियाने होणारे मृत्यू तुलनेच्या गावांच्या निम्म्याहूनही कमी होते.

मग पाळी आली नवजात बाळांची. त्या काळी घरी जन्मलेले आणि घरीच आजारी पडलेले बाळ मोठ्या रुग्णालयाशिवाय वाचवता येत नाही, असाच समज होता. सर्चने ३९ गावांत पाचवी ते दहावीपर्यंत शिकलेल्या बायांना तयार केले. बाळाचे वजन करणे, त्याला उबेत ठेवणे, स्तनपानाला मदत करणे, जन्मताच न रडणाऱ्या बाळाला श्वास देणे आणि जंतुसंसर्गाची लक्षणे दिसताच प्रतिजैविकाचे इंजेक्शन टोचणे, हे सगळे त्या घरी जाऊन करू लागल्या. शेजारच्या ४७ गावांशी तुलना करता, तिसऱ्या वर्षी या गावांतले नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटलेले दिसले. हा अभ्यास १९९९ साली प्रसिद्ध झाला.

गावातल्या बाईने इंजेक्शन द्यावे का, यावर डॉक्टरमंडळींत वाद होणार होताच. सुई कोणाच्या हाती, हा प्रश्न सुरक्षिततेचा असतो, तसाच अधिकाराचाही असतो. ज्या गावात सुई धरणारे दुसरे कोणीच येणार नाही, तिथे ‘फक्त डॉक्टरनेच द्यावे’ या नियमाचा अर्थ ‘कोणीच देऊ नये’ असा होतो.

मोजणीचा आणखी एक धडा याच कामातून आला. २००१ साली सर्च आणि राज्यातल्या इतर स्वयंसेवी संस्थांनी मिळून ‘कोवळी पानगळ’ हा अहवाल काढला. सरकारी नोंदींत दिसतात त्याहून कितीतरी जास्त मुले महाराष्ट्रात मरतात, हे त्यातून पुढे आले. जे मूल जन्माच्या वहीत चढले नाही आणि मृत्यूच्या वहीतही नाही, त्याच्यासाठी कोणती योजना आखणार? गावातल्या बाईने ते मूल मोजले, तेव्हा कुठे ते राज्याला दिसले.

सरकारची पावले

सरकारला ही कल्पना नवी नव्हती. २ ऑक्टोबर १९७७ रोजी गावपातळीवरच्या आरोग्यसेवकांची योजना सुरू झाली. तीन महिन्यांचे प्रशिक्षण आणि महिना ५० रुपये मानधन. निवडलेल्यांत पुरुषच जास्त होते. बाळंतिणीच्या खोलीत त्यांना प्रवेश नव्हता आणि गर्भारपणाच्या तक्रारी त्यांच्याशी कोणी बोलणार नव्हते. हळूहळू योजना कागदावर उरली.

२००० साली वेगळे राज्य झालेल्या छत्तीसगडने २००२ पासून ‘मितानीन’ नेमायला सुरुवात केली. मितान म्हणजे तिकडच्या रिवाजाप्रमाणे विधिपूर्वक जोडलेला जन्माचा मित्र. मितानीन म्हणजे तशी मैत्रीण. नाव निवडणाऱ्याला हे काम नेमके कळले होते. १२ एप्रिल २००५ रोजी राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले आणि देशाला ‘आशा’ ही गावपातळीवरची आरोग्यसेविका मिळाली. साधारण हजार लोकवस्तीमागे एक, आदिवासी भागात पाड्यागणिक. ती त्याच गावची हवी, शक्यतो विवाहित, विधवा किंवा घटस्फोटित. कारण अगदी व्यवहारातले होते: लग्न न झालेली मुलगी उद्या सासरी जाईल आणि तिला दिलेले शिक्षण तिच्याबरोबर जाईल. आशा ही गावची सून असते. आज देशात त्या दहा लाखांच्या आसपास आहेत. आशा योजना नसलेले एकमेव राज्य म्हणजे आपल्या शेजारचा गोवा.

तिसऱ्या दिवसाची घरभेट

गडचिरोलीची पद्धत २०११ पासून आशांच्या कामात आली. दवाखान्यात बाळंतपण झाले तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी अशा सहा घरभेटी; घरी झाले तर पहिल्या दिवसाची एक वाढीव.

तिसऱ्या दिवशी आशाताई दारात येते. आधी कोपरापर्यंत साबणाने हात धुते आणि ते हवेत वाळू देते. घरातल्या टॉवेलला पुसत नाही. बाळाला झोळीच्या वजनकाट्यात घालते. काखेत थर्मामीटर लावते. नाळेला काही लावले आहे का, डोळ्यांतून चिकट पाणी येते का, हे बघते. मग श्वास मोजते. साठ किंवा जास्त भरले तर घाई न करता पुन्हा एकदा मोजते. आईला विचारते, रक्तस्राव किती, ताप आहे का, पाजताना दुखते का.

याच वेळी बाळाची आजी पाणी तापवायला ठेवत असते.

‘‘आत्याबाई, आज अंघोळ राहू द्या. अडीच किलो पण भरलं नाही वजन. अंग पुसून घेऊ कोमट पाण्यानं.’’

‘‘आमची काय पोरं वाढली नाहीत?’’

‘‘वाढली की. तुमचा लेकच माझ्या मालकांबरोबर शाळेत होता. पण ह्याला गार लागलं तर परत दवाखान्यात न्यावं लागेल. आठ दिवस कळ काढा.’’

पुस्तकातला ‘हायपोथर्मिया’ इथे ‘गार लागलं’ होऊन येतो आणि म्हणून चुलीवरचे पातेले खाली उतरते. मध चाटवू नका, गुटी देऊ नका, चिकाचे दूध फेकू नका, हे पोस्टरवरही लिहिलेले असते. पण पोस्टरला ‘आत्याबाई’ म्हणता येत नाही.

या घरभेटी लागू झाल्या तेव्हा त्यांचा मोबदला ठरला २५० रुपये. एका भेटीचा नव्हे, साऱ्या भेटी मिळून. म्हणजे भेटीला साधारण ४२ रुपये. अटीही होत्या: वजनाची नोंद हवी, जन्मनोंदणी हवी, लसी टोचलेल्या हव्यात, आणि बेचाळिसाव्या दिवशी आई व बाळ दोघेही सुखरूप हवेत. डॉक्टरची फी रुग्ण वाचण्यावर अवलंबून असल्याचे आपण कधी ऐकलेले नाही.

तिची मोजणी

कोविडच्या काळात गल्लोगल्ली तापमान आणि ऑक्सिजन मोजत हिंडणारी हीच बाई होती. २०२० सालच्या ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत पथके घराघरांत गेली, त्यांचा कणा आशा होत्या. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारताच्या आशांचा जागतिक पुरस्काराने गौरव केला.

पण कागदोपत्री ती ‘स्वयंसेविका’. कर्मचारी नाही, म्हणून किमान वेतन नाही आणि भविष्यनिर्वाह निधी नाही. ठरावीक मानधन आणि वर कामागणिक मोबदला. कामांची यादी वाढत गेली: क्षयरोग, हिवताप, असंसर्गजन्य आजारांचे सर्वेक्षण, मोबाइलवरच्या नोंदी. २०१३ च्या भारतीय श्रम परिषदेने योजनांवर राबणाऱ्या अशा सगळ्यांना कामगार मानावे, अशी शिफारस केली होती. ती शिफारसच राहिली.

याचा संबंध फक्त तिच्या पोटाशी नाही. रोजगार बुडवून घरभेटीला जायचे असेल, तर कोणती वस्ती आधी सुटते? सर्वांत लांबची. डोंगरापलीकडची चार घरे, ऊसतोडीच्या कोप्या, वीटभट्टीवरची पाले. तिला मिळणारी विषमता पुढे कोणाच्या तरी वाट्याला देणे तिला भाग पडते, आणि समतेसाठी उभी केलेली साखळी तिच्यापाशीच तुटते.

२०२३ च्या दिवाळीच्या तोंडावर महाराष्ट्रातल्या आशा आणि त्यांच्या कामावर देखरेख करणाऱ्या गटप्रवर्तक संपावर होत्या. मानधनवाढीबरोबर दिवाळीच्या भेटीचीही मागणी होती. पुढच्या वर्षी पुन्हा आंदोलन झाले, तेव्हा मार्च २०२४ मध्ये राज्याने आशांच्या मानधनात महिना ५,००० रुपयांची वाढ मंजूर केली. वाढ मोठी होती आणि ती मिळाली, हे चांगलेच झाले. तरी ‘स्वयंसेविका’ हा शब्द तिथेच राहिला.

दिवाळीच्या भेटीवरून आठवते: आपल्याकडे भाऊबीजेला ताटात किती टाकायचे, हे भाऊ ठरवतो. बहिणीने मोजून घ्यायचे नसते. नात्यात ते शोभते. पण जिने मिनिटामिनिटाचे श्वास मोजले, ग्रॅमग्रॅमची वजने मोजली, वहीत न चढलेली मुले मोजून राज्यापुढे ठेवली, तिला तिच्या कष्टाचे पैसे पगार म्हणून मोजून घेता यायला हवेत. ओवाळणी वेगळी.