तू नुसते ओठ हलव!

मैत्रिणींनो, शाळेच्या प्रार्थनेत "तू नुसते ओठ हलव" असं कुणी तुम्हाला कधी सांगितलंय? मला सांगितलं होतं. आवाज फाटका ना माझा! तेव्हापासून मी गाणंच सोडलं.

माझं माहेर हट्टा, वसमत तालुक्यातलं. १९९९ मध्ये हिंगोली जिल्हा वेगळा झाला, तोवर आम्ही परभणीवाले. संत नामदेवांची नर्सी आमच्याच भागातली. त्यामुळे काकडा, सप्ताह, एकादशीचं भजन कानांवरून सतत जायचं. माय तल्लीन होऊन म्हणायची. मी मात्र शेजारी तोंड मिटून बसायची.

१९७८ साली नर्सिंग शिकायला मी अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला गेले. खोलीतली मैत्रीण ख्रिस्ती होती. नाताळ आला तशी म्हणाली, "एकटी काय बसतेस? चल की उपासनेला!"

चर्चमध्ये कसं गप्प, गंभीर बसायचं असतं, अशी माझी समजूत. आत पाऊल टाकलं नि बघतच राहिले! सतरंजीवर बायका दाटीवाटीनं बसलेल्या, पुढे पेटी-तबला, आणि चौघीपाचजणींच्या हातात चक्क टाळ! गाणं सुरू झालं, ते थेट आमच्या भजनाच्या चालीवर. ठेका वाढत गेला. कडेवरची पोरंसुद्धा टाळ्या पिटू लागली.

हे आलं कुठून? मैत्रिणीनं सांगितलं ते असं : पूर्वी इथल्या उपासनेत इंग्रजी गीतांची भाषांतरं बरीच असत, चालीही तिकडच्याच. रेव्हरंड नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले. मनानं ते तुकोबांचे भक्त. त्यांनी अभंग, ओव्या, पदं अशी शेकडो गीतं लिहिली आणि ख्रिस्ती मंडळींच्या हाती टाळ दिले. नगरलाच त्यांनी कितीतरी वर्षं काम केलं. त्यांचं 'ख्रिस्तायन' अपुरं राहिलं, ते पुढे लक्ष्मीबाईंनी पुरं केलं. हो, 'स्मृतिचित्रे' लिहिणाऱ्या त्याच आपल्या लक्ष्मीबाई! आणि त्याही कितीतरी आधी, १६१६ मध्ये, फादर स्टीफन्सचं मराठी 'ख्रिस्तपुराण' छापलं गेलं होतं. तेही ओव्यांत, म्हणजे गाऊन म्हणण्याजोगं.

पण मला खरं शिकवलं ते शेजारी बसलेल्या एका म्हातारीनं. भाजी विकायची बिचारी. आवाज माझ्याहून फाटका, सूर कुठल्या कुठे! पण गात होती अगदी पोटातून. मला गप्प बघून तिनं कोपरानं ढोसलं. म्हटलं, "आजी, मला गाता येत नाही." तशी आपल्या हातातले टाळ माझ्या हातात कोंबत म्हणाली, "मला तरी कुठं येतंय, बाई? सगळ्यांत मिळून जातं!"

आणि खरंच मिळून गेलं हो! इतक्या वर्षांनी मी गायले आणि कुणीही मागे वळून पाहिलं नाही. उपासना संपल्यावर चहा-करंज्या झाल्या. परतताना घसा बसलेला, पण मन कसं हलकं झालं होतं!

सुट्टीत घरी गेले तेव्हा मात्र धाकधूक होती. चर्चमध्ये गेले हे मायला सांगायचं कसं? रात्री चुलीपाशी शेवटी सांगून टाकलं. माय थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "कसं म्हणतात ते? म्हणून दाखव बरं."

भीत भीत एक कडवं म्हटलं. माय ऐकत राहिली. मग हळूच म्हणाली, "चाल तर आपलीच हाय की गं!" डोळे पुसत पुढे म्हणाली, "इतक्या वर्षांत तुझा आवाज आज ऐकला, लेकरा." येत्या एकादशीला तिनं मला मागे बसू दिलं नाही. आपल्याजवळ बसवलं आणि हातात टाळ दिले.

आता माय नाही. घरोघरी आरतीसुद्धा मोबाइलवर लागते आणि आपण नुसत्या हात जोडून उभ्या राहतो. म्हणून सांगते, आठवड्यातून एकदा तरी चौघीजणी जमा. भजन म्हणा, ओव्या म्हणा, नाताळची गीतं म्हणा, तुम्हाला रुचेल ते म्हणा. आणि कोपऱ्यात कुणी नुसते ओठ हलवत असेल ना, तर तिच्या हातात आधी टाळ द्या!