आठवणींची कोठी : भरण्याआधीच वाढवा!

वर्षाचा गहू, तांदूळ, तुरीची डाळ भरायची तर आपण गृहिणी किती बारकाईनं विचार करतो! माणसं किती, पाहुणे किती, मागचं शिल्लक किती. मग कोठी केवढी ते ठरतं. घरातल्या फोटोंचा असा हिशेब मात्र कुणी करत नाही.

१९७३ साली यवतमाळात साहित्य संमेलन भरलं, ग. दि. माडगूळकर अध्यक्ष होते. तेव्हा एखादा काळा-पांढरा फोटो मिळाला तरी तो फ्रेम करून भिंतीवर लागायचा. २०१९ च्या जानेवारीत अरुणा ढेरे यांच्या अध्यक्षतेखाली इथंच पुन्हा संमेलन झालं, तेव्हा मोबाइल हातोहाती होते. त्यात जून २०२१ पासून गूगल फोटोजची अमर्याद फुकट साठवण बंद झाली. आता १५ जीबीपर्यंतच फुकट. म्हणून काही घरांत ‘नास’ आला आहे : घरच्या वायफायला जोडलेला, आत हार्ड डिस्क असलेला डबा. सगळ्यांचे फोटो त्यात जातात. तोही भरतोच!

आधी हिशेब

कागद घ्या. आज किती भरलंय आणि गेल्या वर्षात किती वाढलं, ते लिहा. समजा, आज दीड टीबी आहे आणि वर्षाला ४०० जीबी वाढतं. पाच वर्षांत दोन टीबी वाढतील, म्हणजे साडेतीन. पाचवा हिस्सा मोकळा ठेवायचा तर साधारण साडेचार टीबी हवेत. चारची डिस्क अपुरी पडेल, सहाची घ्यावी. हो, आधी व्हॉट्सअ‍ॅपचे ‘सुप्रभात’ तेवढे निवडून टाका. धान्य निवडूनच भरतो ना आपण?

दोन म्हणजे दुप्पट नव्हे

दोन डिस्कच्या डब्यात बहुधा एकीची हुबेहूब नक्कल दुसरीवर ठेवतात. म्हणून चार-चार टीबीच्या दोन घेतल्या तरी जागा चारचीच. एक चारची, एक आठची लावली तरी चारच! वाढवायचं तर दोन्ही बदलाव्या लागतात, पण एकदम नाही. आधी एक काढून मोठी बसवा, नक्कल पूर्ण होऊ द्या, मगच दुसरी. या कामाला कधी अख्खा दिवसही लागतो. दुकानात ‘नाससाठीची डिस्क’ असं स्पष्ट सांगून मागा, आणि आपला डबा केवढी डिस्क घेतो, तेही आधी विचारा.

ऊन, कूलर आणि वीज

मे महिन्यात आपल्याकडे पारा ४४ च्या पुढं जातो. डबा बंद कपाटात किंवा फ्रिजमागं कोंबू नका. कूलरच्या झोतासमोरही नको, ओली हवा त्याला बाधते. वीज अचानक गेली तर लिहिणं अर्धवट राहतं, म्हणून लहानसा यूपीएस हवाच. डिस्कची अदलाबदल शक्यतो दिवाळीनंतरच्या थंडीत करावी.

तिसरी प्रत माहेरी

सगळ्यात महत्त्वाचं हे. नक्कल म्हणजे सुरक्षितता नव्हे. नातवानं चुकून सासऱ्यांच्या आवाजातली गोष्ट पुसली, तर ती दोन्ही डिस्कवरून त्याच क्षणी जाते. चोरी झाली, वीज पडली, तरी दोन्ही एकदमच जातात. म्हणून एका वेगळ्या, सुट्या डिस्कवर सगळं उतरवून ती दुसऱ्या घरी ठेवावी, माहेरी किंवा नागपूरच्या बहिणीकडे. दर दिवाळीला आणून ताजी करावी. जागा वाढवायला घेण्याआधी ही प्रत तयार असलीच पाहिजे.

आणि मैत्रिणींनो, ‘ते यांचं काम’ म्हणून सोडून देऊ नका! डब्याचा पासवर्ड वहीत लिहून दागिन्यांच्या पावत्यांबरोबर ठेवा. गेलेल्या माणसाचा आवाज बाजारात विकत मिळत नाही. त्या कोठीची किल्ली घरात दोघांकडे असावी.